मुंग्यांना हात नसतात

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे, आणि तो अजिबात चांगला नाही. पेंडल हिल स्टेशनपासून दहा मिनिटांवरचं भाड्याचं घर, पातळ भिंतींचं, हिवाळ्यात आतही स्वेटर घालायला लागायचा. खिडक्या बंद. आत तीन माणसं महिनोन् महिने कोंडलेली. सॅनिटायझर, तिसऱ्यांदा गरम केलेलं वरण, दमट कार्पेट आणि आजोबांचं गुडघ्याला चोळायचं तेल, या सगळ्यांचा मिळून एक ओशट वास झाला होता, तो उशीच्या अभ्र्यांतसुद्धा शिरलेला. बाबा डायनिंग टेबलवर हेडफोन लावून दिवसभर ऑफिसशी भांडायचे. मी माझ्या खोलीत कॅमेरा बंद करून शाळा करायचे. डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर गेलं की आजोबा नेमाने विचारायचे, "कोणाला शोधतायत?" आणि बाबा नेमाने सांगायचे, "आपल्यालाच, अप्पा." पहिल्यांदा हसलो होतो, नंतर त्या विनोदाचाही वीट आला.

आजोबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली म्हणून दीड वर्ष राहिले. हयातभर त्यांनी शब्दकोशाच्या कचेरीत काम केलेलं. एक शब्द, एक चिठ्ठी, खाली त्याचं मूळ, अशा हजारो चिठ्ठ्या लिहून त्यांचं अक्षर इतकं बारीक झालं होतं की किराण्याची यादीही भिंगाने वाचावी लागे. मी नऊ वर्षांची असताना आम्ही पुणं सोडून इथे परदेशात आलो. माझं मराठी टिकलं ते त्यांच्यामुळे, हे मला त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. दर रविवारी व्हिडिओवर ते मला एकेक शब्द सोलून दाखवायचे. माझा त्यांच्यावर अतिशय जीव होता. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नका. मीही विसरायचा खूप प्रयत्न केला आणि जमलं नाही.

आई एका वृद्धाश्रमात केअरर होती. पुण्यात लॅबमध्ये होती, इथे त्या डिग्रीला कोणी विचारेना, म्हणून कोर्स करून हे काम धरलं. साथ वाढली तशी ती स्वतःहून गॅरेजमध्ये राहायला गेली: एक गादी, एक हीटर, जुनी कार बाहेर. "तिथे म्हातारी माणसं आहेत आणि घरी अप्पा आहेत, दोन्हीकडे मीच ये-जा करते," असं तिचं साधं गणित होतं आणि ते बरोबर होतं. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. लॉन्ड्रीच्या सिंकशेजारी ती ठेवलेली असत, ताटाच्या काठावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. मी जेवण वाढून दार वाजवायचे आणि मागे सरायचे. दार उघडायचं, आई मास्कमधून हसायची, तिचे हात सॅनिटायझरने सोलून निघालेले दिसायचे. इथपर्यंत सगळं आजाराचं होतं. यात मला किळस वाटण्यासारखं काही नव्हतं.

एके दिवशी दारातूनच बोलताना ती सहज म्हणून गेली, "आज दमले गं. सकाळी एक आजी गेल्या, त्यांना आवरलं, आंघोळ घातली. नवीन मुलगी घाबरली होती, मग मीच सगळं केलं." आजोबा मागे चहा घेत उभे होते. दुसऱ्या दिवसापासून आईला ते स्वतः वाढायला लागले. मला वाटलं, अरे वा! मग पाहिलं: ताट जमिनीवर ठेवायचे आणि उभ्याने, वीतभर उंचीवरून, भात टाकायचे. डाव ताटाला लागू द्यायचे नाहीत. आमटी शिंतोडे उडत पडायची. त्यानंतर हात धुवायचे आणि वर चमचाभर पाणी डोक्यावर शिंपडायचे. स्टेशनजवळच्या दुकानाचा मालक मास्क हनुवटीवर ओढून, खोकत खोकत दारात धनेपूड देऊन जायचा. त्याच्याकडून पिशवी घेताना आजोबांना काही वाटत नसे. मला हे दिसत होतं. मी पंधरा वर्षांची होते, आंधळी नव्हते.

पण मला गोष्टीची धुंदी चढली होती. आमच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली, काँक्रीटच्या फटीत काळ्या मुंग्यांचं वारूळ होतं. शाळेच्या ब्रेकमध्ये मी तिथे पालथी पडून बघत बसे. एक मुंगी मेली की दुसऱ्या तिला दोन दिवस तशीच ठेवत, मग एखादी उचलून भिंतीपाशी एका ढिगावर नेऊन टाकी. नेहमी त्याच ढिगावर. मी ठरवलं, माणूस नसलेल्या जगाची गोष्ट लिहायची. मुंग्यांची, पण मुकुट घातलेल्या, चष्मा लावलेल्या, नमस्कार करणाऱ्या मुंग्यांची नाही. माणूस कधी जन्मलाच नाही अशा जगाची. आजोबांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "मग शब्दही माणसाचे नकोत," ते म्हणाले. "मुंग्यांना हात नसतात. हातातून निघालेला एकही शब्द तुझ्या गोष्टीत आला तर गोष्ट खोटी."

झालं! न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आम्ही चिठ्ठ्या केल्या. रोज दुपारी मी परिच्छेद वाचायचा, आजोबांनी शब्द अडवायचा. हाताळणं गेलं, हातभार गेला, मूठभर गेलं. पायंडा वाचला, पाय आहेत म्हणून. कानोसा गेला, कारण मुंगीला कान कुठे? अर्धा दिवस आम्ही मुंगीला पाठ असते का यावर भांडलो, कारण त्याच्यावर पाठिंबा आणि पाठलाग अवलंबून होते. नापास चिठ्ठी रद्दीच्या पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये, पास झालेली दोऱ्यात ओवायची.

"कोपरा लिहिलायस तू," ते म्हणाले.

"मग? घराला कोपरा असतोच."

"कोपरा हा कोपर या शब्दातून आलाय, हात वाकतो तिथला. तुझ्या मुंगीचा हात कुठे वाकतो, दाखव."

"आजोबा, यू आर सो अनफेअर! मग काय लिहू?"

"काही नको. मुंग्यांची घरं गोलच असतात."

आणि खरंच, कोपरा काढल्यावर त्या वारुळाच्या खोल्या मला गोल दिसायला लागल्या. वीतभरच्या जागी मी 'मिशीभर अंतर' लिहिलं, मूठभरच्या जागी 'जबडाभर दाणे'. मोजणी सहाने केली, पाय सहा म्हणून. हत्ती आला तेव्हा आजोबा खुर्चीतच उसळले. "हत्ती म्हणजे काय ठाऊक आहे? हस्ती. हात असलेला! बघ, इतका मोठा प्राणी, त्यालासुद्धा माणसाने आपल्या हाताचं नाव दिलं." त्या दिवशी आम्ही दोघं इतके खूश होतो की बाबांनी हेडफोन काढून विचारलं, काय झालं. पुढे मी पोटापाण्यासाठी दुभाषी झाले, हॉस्पिटलांमधून डॉक्टरांचं बोलणं मराठी-हिंदीत सांगते. शब्द नीट पारखून घ्यायची सवय मला त्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांनी लावली. आजही हे कबूल करताना जीभ कडू होते.

मेलेल्यांना नेणाऱ्या मुंग्यांसाठी मला शब्द सापडत नव्हता. खांदेकरी म्हणावं तर खांदा आला. वाहक फार कोरडा, बसच्या तिकिटासारखा. दोन दिवस मी डोकं खाजवत होते. तिसऱ्या दिवशी आजोबांनी लिहूनच आणलेली चिठ्ठी पुढे सरकवली: ओवळ्या.

"म्हणजे?"

"सोवळं-ओवळं ऐकलंयस ना? ओवळ्या म्हणजे मेलेल्याला शिवलेल्या. त्यांनी दाण्यांच्या कोठारात जायचं नाही. त्या शेवटी खाणार, वारुळाच्या तोंडाशी राहणार. शब्द पाहा, किती मऊ आहे. मूळ काही जण अमंगलपर्यंत नेतात, ते सोड. यात हात नाही, पाय नाही, माणसाचा एक अवयव नाही."

मी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. आमच्या नियमात ती बसत होती. मी दोऱ्यात ओवली. त्यानंतर गोष्ट भराभर पुढे सरकली, कारण आता त्या जगाला रचना मिळाली होती: कोण आत, कोण बाहेर, कोणाला कोणाची मिशी लागलेली चालत नाही. 'ओवळ्या आल्या की वाट रिकामी होई. त्यांच्यासाठी दाणे वरून टाकले जात.' हे वाक्य मी लिहिलं. माझ्या हाताने. वरून टाकलेले दाणे मला कुठून सुचले, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, आतून चांगलंच माहीत होतं. शी! आज ते वाक्य आठवलं तरी तोंडाला घाण चव येते.

मध्यंतरी आईच्या आश्रमात कोणीतरी पॉझिटिव्ह निघालं आणि तिला चौदा दिवस पूर्ण आयसोलेशन झालं. तिसरी टेस्टही निगेटिव्ह आली. आई अंगणातून ओरडली, "केतकी, मी सुटले गं! आज आत झोपते!" मी गादीवर नवी चादर घातली. पुढे पंधरा दिवस तिची रजा होती, कामावर जायचंच नव्हतं. संध्याकाळी ती न्हाऊन, केस मोकळे सोडून, मागच्या दारातून स्वयंपाकघरात आली. आजोबा ओट्याशी उभे होते. ते भिंतीला टेकून मागे सरकले, धोतराचा सोगा आवळून घेतला.

"सूनबाई, राहू दे अजून काही दिवस."

"अप्पा, तीन टेस्ट निगेटिव्ह आहेत. दाखवू का मेसेज?"

"टेस्टचं नाही म्हणत मी."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "अगं, त्यांचं वय आहे. कशाला वाद? थोडे दिवस अ‍ॅडजस्ट कर ना." मग आईने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी फ्रिज उघडला आणि दही शोधायला लागले. दही समोरच होतं. मी शोधत राहिले, मागचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत. मग वेगळ्या ताटात जेवण वाढलं आणि आजोबांच्या हाती दिलं. माझ्या आयुष्यात मी नालायकपणा बराच केला आहे, पण त्या दह्याइतकी लाज मला कशाचीच वाटत नाही.

गणपतीत आमच्या भागातल्या मराठी मंडळाने झूमवर कथावाचन ठेवलं. साठ-सत्तर चौकटी, कोणाच्या मागे खोटा समुद्र, कोणाच्या मागे मखर, कोणाचा माइक चालू राहून कुकरच्या शिट्ट्या. मी वाचलं, आजोबा शेजारी नवा सदरा घालून बसलेले. आई गॅरेजमधून फोनवर जोडली गेली होती. तिची चौकट खाली डाव्या बाजूला, हीटरच्या नारिंगी उजेडात. वाचताना मला माझाच आवाज आवडत होता. संपल्यावर चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस. मंडळाचे शरदकाका, दिवाळी अंकही तेच काढायचे, माइक सुरू करून म्हणाले, "केतकी, बाळा, काय शब्द वापरलायस! ओवळ्या! आता कळतंय सगळ्यांना, आपल्या पूर्वजांना हे सोशल डिस्टन्सिंग हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. लोक उगाच नावं ठेवत होते." चौकटींमधली डोकी हलली. कोणीतरी हात जोडले. एक काकू म्हणाल्या, "अगदी, अगदी! सायन्सच होतं ते." आजोबा मंद हसत होते. मी पहिल्यांदा आईच्या चौकटीकडे पाहिलं.

मग आईची चौकट उजळली. "मी एक विचारू का?"

"विचारा ना, ताई," शरदकाका म्हणाले.

"केतकी, त्या ओवळ्या आहेत ना, त्या आपापसात स्वतःला काय म्हणतात गं?"

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या वतीने उत्तर दिलं, "गोष्टीत त्या बोलत नाहीत."

"हो, ते कळलं, अप्पा. म्हणून विचारलं," आई म्हणाली आणि तिने आवाज बंद केला. पुढची काकू लगेच आरती म्हणायला लागली, तीही कोणाच्या तरी नेटमुळे दोन सेकंद मागे-पुढे.

मी रागाने गॅरेजपाशी गेले. हो, रागाने, माझ्या पहिल्यावहिल्या कौतुकात तिने खडा टाकला होता ना! "आई, इट्स जस्ट अ स्टोरी," मी दारातूनच ओरडले. "अँट्स आहेत त्या!"

ती गादीवर बसून हाताला व्हॅसलीन लावत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "छान लिहिलंयस. मिशीभर अंतर फार आवडलं मला." थोडा वेळ हातच चोळत राहिली. मग म्हणाली, "रजेच्या आधी एक आजी गेल्या ना, त्यांच्या मुलीला आत सोडलं नाही. व्हिजिटर बंद. ती पार्किंगमध्ये कारमध्ये बसून फोनवर होती, मी स्पीकर लावून उशीजवळ ठेवला होता. मी आंघोळ घालत होते तर तिने विचारलं, पाणी कोमट आहे ना? आईला गार पाणी सोसत नाही. मी म्हटलं, कोमट आहे. मग म्हणाली, केसांचा भांग डावीकडे पाडा. पाडला. घरी आले तर ताटात भात वरून पडला. तेही चालतं गं मला, म्हातारा माणूस आहे, त्यांना कोण शिकवणार. पण तू लिहिलंस, केतकी. तुझ्या अक्षरात."

मी रडायला लागले आणि पुढे झाले. ती पटकन मागे सरकली. "तिथेच थांब. उद्यापासून पुन्हा शिफ्ट आहे, काल ट्रेनिंगला जाऊन आलेय, तिथे कोण कोण होतं माहीत नाही." अंतर तेवढंच होतं, आजोबा ठेवायचे तेवढंच. पण हे मला राखणारं होतं.

"मी तो शब्द काढते, आई," मी म्हणाले. "शप्पथ."

"तुझी गोष्ट आहे. तुला हवं ते कर," ती म्हणाली.

आता पुढचं ऐका, म्हणजे हे प्रकरण मी का लिहायला घेतलं ते कळेल. दुसऱ्या आठवड्यात शरदकाकांचा फोन आला. दिवाळी अंकात गोष्ट पहिली घेणार, मुखपृष्ठावर नाव, मंडळाचं युवा लेखनाचं बक्षीसही. मी चाचरत म्हणाले, एक शब्द बदलायचाय. "ओवळ्या नको काढूस हं," ते म्हणाले, "तोच तर कथेचा प्राण आहे." मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "घरातल्या कोणाला लागलं म्हणून शब्द बदलायचा नसतो. नेमका आहे की नाही, एवढंच बघायचं." मी चिडून म्हणाले, "नेमका आहे आजोबा, म्हणूनच घाण आहे." पण त्यांनी नुसती मान हलवली आणि मीही उठून गेले नाही. खोलीत बसून मी बदली शब्द शोधले. नेणाऱ्या. वाहत्या. ढिगाच्या. प्रत्येकाने गोष्ट लुळी पडत होती. वरून टाकलेले दाणे, रिकामी होणारी वाट, शेवटचं जेवण, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. तो काढायचा तर गोष्टच नवी लिहायला हवी होती, आणि मला मुखपृष्ठ हवं होतं. मी फाइल जशीच्या तशी जोडली आणि सेंडवर बोट ठेवलं. कोणी माझा हात धरला नव्हता. आजोबांना दोष देऊन सुटता आलं असतं तर मी कधीच सुटले असते. ते जुनं वागत होते. मी नवं जग बनवायला बसले होते, एकही माणूस नसलेलं, आणि त्यात हीच घाण वेचून घेऊन गेले.

दिवाळीच्या सुमारास सगळं उघडलं. विमानं सुटली, आजोबांचं तिकीट निघालं. आई घरात झोपायला आली, तेही आजोबा गेल्यावरच. जाताना त्यांनी मला चिठ्ठ्यांचा दोरा दिला. मी तो त्याच दिवशी पिवळ्या बिनमध्ये टाकला. आणि अंक आला. छापील, गुळगुळीत, पाच प्रती. आईने संध्याकाळी सोफ्यावर बसून माझी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, पाठ तिच्याकडे. पान उलटल्याचा आवाज मी मोजत होते. तो शब्द कोणत्या पानावर आहे ते मला पाठ होतं. ते पानही उलटलं. सकाळी पाहिलं तर पाचपैकी एक प्रत नव्हती.

महिन्याभराने तिची कार बिघडली म्हणून मी शाळेतून परस्पर बसने तिच्याकडे गेले, बरोबर परतायला. आश्रमाच्या दारात टेम्परेचर घेतलं, मास्क दिला, आणि स्टाफरूमच्या बाहेर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं. आत फ्रिजवर, ड्यूटीच्या रोस्टरच्या शेजारी, दोन मॅग्नेटनी अंक लावलेला, माझं पान उघडं. तिथे काम करणाऱ्यांपैकी आईशिवाय कोणालाही मराठी वाचता येत नव्हतं: नेपाळच्या, फिलिपिन्सच्या, फिजीच्या बायका. आईच्या बरोबरीने मेलेल्यांना आंघोळ घालणाऱ्या, भांग पाडणाऱ्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात सरितादीदी बाहेर आली. आईची नेपाळी मैत्रीण, कधी तरी व्हिडिओवर दिसलेली. तिने मला ओळखलं आणि माझे दोन्ही हात धरले, ग्लोव्ह न घालता.

"तू ही केतकी है ना? चींटियों की कहानी वाली? हम सबने फोटो खींच के रखा है. मम्मी ने पूरी कहानी बताई हमको."

"क्या बताया?" मी कसंबसं विचारलं.

"यही, कि ऐसी चींटियाँ हैं जो अपने मरे हुओं को अकेला नहीं छोड़तीं."